मेणबत्तीला पुरणपोळीचा वास

२०२३ सालच्या दिवाळीची गोष्ट. पणत्या, उटणे, फराळ हे दरवर्षीचेच आहे, यंदा काही नवे करू, म्हणून आमच्या बचत गटाने सुवासिक मेणबत्त्या करायचे ठरवले. आम्ही अकराजणी, सगळ्या शेतकरी घरच्या. मेण वितळवायचे, वात लावायची, वास घालायचा आणि वाटीत ओतायचे, यात अवघड ते काय, असे सगळ्यांना वाटले. गुलाब, मोगरा, चंदन यांच्या मेणबत्त्या बाजारात ढिगाने मिळतात. तेव्हा आपण खाण्यापिण्याचे वास द्यावेत, पुरणपोळी, वेलदोड्याचा चहा, आमरस, असे मीच सुचवले. कल्पना सर्वांना पसंत पडली. गटाच्या बचतीतून आठ हजार रुपये उचलले. तालुक्याच्या एका दुकानदाराने साठ मेणबत्त्या मागितल्या.

भाऊबीज झाली आणि त्यांतल्या एकेचाळीस परत आल्या.

भगिनींनो, आमचे काय चुकले ते आधी सांगते. आमचे पैसे गेले, तुमचे वाचावेत.

आम्ही वासासाठी वापरला होता स्वयंपाकातला इसेन्स. केकमध्ये, बासुंदीत, आइस्क्रीममध्ये घालतात तो. बाटलीचे झाकण उघडले की घर दरवळते, म्हणून वाटले, यापेक्षा चांगले काय असणार? पण मेणात तो मिसळेच ना. कितीही ढवळा, तळाशी त्याचे थेंब गोळा होऊन बसायचे. मेणबत्ती पेटवली की ज्योत तडतडायची आणि मध्येच विझायची. पुण्याला रसायनशास्त्र शिकणारा माझा भाचा दिवाळीला आला होता, त्याने ते पाहिले आणि हसायलाच लागला. म्हणाला, "मावशी, हा इसेन्स पाण्यात मिसळावा म्हणूनच तयार केलेला असतो. मेण म्हणजे तेलाचा भाऊ. फोडणीच्या तेलात पाणी पडल्यावर काय होते, ते तुला मी सांगायचे का?"

ही झाली एक चूक. दुसरी चूक याहून मोठी, कारण तिच्यात घर पेटायची भीती होती. वास कमी पडतो म्हणून आम्ही वरून वेलदोड्याची पूड, जायफळाचा कीस आणि शोभेला दालचिनीचे तुकडे पेरले होते. दिसायला फार सुरेख! पण मेण वितळले की ही पूड तरंगत तरंगत वातीपाशी जाते, तिथे चिकटते आणि स्वतःच वात होऊन पेटते. एका गिऱ्हाइकाच्या घरी ज्योत वीतभर उंच झाली आणि काचेचा पेला तडकला. नशीब, खाली फरशी होती. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे : मेणबत्तीत मसाल्याचा कण जायचा नाही.

तिसरी चूक म्हणजे आम्ही मेणबत्त्या फक्त हुंगून पाहिल्या, जाळून एकही पाहिली नाही. थंड मेणबत्तीचा वास वेगळा आणि जळत्या मेणबत्तीचा वेगळा, हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

दिवाळीनंतर गटाची बैठक झाली. पुन्हा मेणबत्तीचे नाव काढायचे नाही, असे दोघीतिघींचे म्हणणे पडले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या आठ हजारांत एकीच्या शेळीचे पैसे होते. शेवटी असे ठरले की पुढचे प्रयोग मी माझ्या खर्चाने, माझ्या घरी करावेत आणि जमले तरच गटापुढे आणावेत.

मग मी शांतपणे शिकायला बसले.

आधी मेणाचे सांगते. बाजारात मिळते ते पांढरे मेण बहुधा पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून निघणारे. मधमाशांचे मेण उत्तम जळते, पण त्याला स्वतःचाच मधाचा वास असतो आणि महागही पडते. दुसरे वास त्यात खुलत नाहीत. आणि आता सोयाबीनचे मेण मिळते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९० च्या दशकात ते मेणबत्तीसाठी तयार केले. हे ऐकून आमच्या घरच्यांनी लगेच विचारले, "मग आपल्या रानातल्या सोयाबीनचे मेण घरी निघेल का?" नाही निघणार. सोयाबीनचे तेल पातळ असते; कारखान्यात त्यावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून ते घट्ट करतात, वनस्पती तूप करतात त्याच रीतीने. हे मेण साधारण पन्नास अंशांच्या आसपासच वितळते, मऊ असते आणि वाटीत ओतून करायच्या मेणबत्तीला चांगले. मी तेच घेते.

वासासाठी मेणबत्तीकरता म्हणून मिळणारे सुगंधी तेलच घ्यावे. दुकानदाराला स्पष्ट विचारावे. शंभर ग्रॅम मेणाला सहा ग्रॅम तेल हे बरे प्रमाण. काही मेणे आठ-दहा ग्रॅमही पेलतात, पण जास्त घातले म्हणजे जास्त वास येतो असे नाही. तेल घामासारखे वर सुटते आणि वात धूर ओकू लागते. हे मोजायला चमचा कामाचा नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा घ्यावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. पुरणपोळीची बाटली कुठेच मिळत नाही. मिळतात त्या सुट्या वासांच्या : व्हॅनिला, कॅरमेल, लोणी, वेलदोडा, लवंग, आले, नारळ, कॉफी. त्यांतून आपल्याला हवा तो वास जुळवायचा. गोड्या मसाल्याचेच उदाहरण घ्या ना. धने, तीळ, खोबरे, दगडफूल, नागकेशर वेगवेगळे हुंगले तर एकालाही गोड्या मसाल्याचा वास नसतो. तो सगळ्यांचा मिळून होतो आणि एखादा जिन्नस जरा जास्त पडला की बिघडतो. इथेही अगदी तसेच आहे.

जुळवणीसाठी मेण वितळवायची गरज नाही. टिपकागदाच्या बोटभर लांब पट्ट्या कापाव्यात. एकेका पट्टीवर एकेक तेलाचा थेंब टाकावा. मग मनात आहे त्या हिशेबाने पट्ट्या निवडून एका काचेच्या बरणीत घालाव्यात, झाकण लावावे आणि तासाभराने उघडून वास घ्यावा. पुन्हा दुसऱ्या दिवशी घ्यावा. वेलदोडा कमी वाटला तर आणखी एक पट्टी, व्हॅनिला जास्त झाला तर एक काढून टाकायची. जे केले ते वहीत लिहायचे. ही वही फार महत्त्वाची, भगिनींनो. माझा पहिला उत्तम आमरस असाच गेला. थेंब लिहून ठेवले नव्हते, तो वास पुन्हा आजतागायत जमला नाही.

चार-पाच वास घेतले की नाक बधिर होते. तेव्हा कॉफीचे दाणे हुंगावेत असे पुष्कळजण सांगतात. मी आपली पदर नाकाला लावते आणि ओट्यावर जाऊन बसते. तेवढ्याने भागते.

पुरणपोळीला मला दोन महिने लागले. पहिल्या खेपेला कॅरमेल, व्हॅनिला, लोणी आणि वेलदोडा असे घेतले. मला तर वास छान वाटला. बरणी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या नाकाशी धरली. त्या म्हणाल्या, "ह्यो वास पोळीचा न्हाई, बेकरीचा हाय."

दोष व्हॅनिलाचा होता. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य पदार्थ व्हॅनिलिन. जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी १८७४ साली तो पाइनच्या झाडातल्या एका पदार्थापासून तयार केला, आणि तेव्हापासून तो इतका स्वस्त झाला की बिस्किटे, केक, आइस्क्रीम सगळ्यांत पोचला. म्हणून व्हॅनिला जरा जास्त झाला की आपल्या नाकाला बेकरी आठवते. मी तो निम्म्यावर आणला, जायफळ वाढवले. आत्याबाईंनी पुन्हा बरणी हुंगली. "आता पुरणाचा आला. पण पोळी अजून कच्चीच हाय. तव्यावर कुठं टाकलीस?"

हे मात्र मला विचारात पाडणारे होते. खरेच, पुरणपोळीचा वास म्हणजे नुसता गूळ-वेलदोडा नव्हे. तूप सोडल्यावर तव्यावर जो खरपूस वास उठतो, कडेला पोळी थोडी लालसर भाजते, तो हवा. पण खरपूसपणाची बाटली कुठून आणायची? भाच्याला फोन केला. त्याने सांगितले की भाजलेल्या पदार्थांत, शेंगदाण्यात, पावात, कॉफीत, पायराझीन नावाचे पदार्थ तयार होतात, भाजल्याचा वास पुष्कळसा त्यांचा. म्हणजे कॉफीच्या तेलात ते असणार! मी कॉफीचा एकच थेंब टाकला. कॉफीचा वास कळला नाही, पण पोळी भाजली गेली. आत्याबाई बरणी हातातून सोडीनात. त्यांची आई तव्यावर पोळी उलथताना डाव्या हाताने पदर कसा खोचायची, ते त्या दिवशी त्यांनी सांगितले. वीस वर्षांत हे मी कधी ऐकले नव्हते.

माझ्या वहीतले प्रमाण देते : कॅरमेल आठ थेंब, लोणी तीन, वेलदोडा तीन, व्हॅनिला दोन, जायफळ एक, कॉफी एक. तुमची तेले वेगळ्या दुकानची असतील तर हे जसेच्या तसे जमणार नाही. प्रत्येकाची तेले कमी-जास्त उग्र असतात. पण सुरुवात इथून करायला हरकत नाही. कॅरमेलच्या तेलात बहुधा एथिल माल्टॉल असते, जत्रेतल्या साखरेच्या कापसाचा वास येतो तो त्याचाच. गुळाच्या जवळ नेणारे दुसरे काही मला अजून सापडलेले नाही.

चहाचे वेगळेच. चहाचा वास म्हणजे चहापत्तीचा वास असे मी धरून चालले होते. तो तर अगदी मंद. आपल्या घरच्या चहाचा वास असतो आल्याचा, वेलदोड्याचा, उतू जायला आलेल्या दुधाचा आणि गवती चहाचा. गवती चहाचे तेल मात्र जपून. त्यात सिट्राल नावाचा लिंबाच्या वासाचा पदार्थ भरपूर असतो, तो बाकी सगळ्यांना दाबून टाकतो; दोन थेंब जास्त पडले की चहाऐवजी फरशी पुसायच्या औषधाचा भास होतो. वीस थेंबांत एक पुरे. दुधासाठी थोडे व्हॅनिला आणि थोडे लोणी.

नुसत्या कॉफीची बाटली पेटवली तर वास करपट येतो. भाजलेल्या कॉफीत आठशेच्या वर निरनिराळे उडनशील पदार्थ आढळले आहेत, एका बाटलीत ते सगळे कुठून येणार? कॅरमेल आणि दुधाची जोड दिली की कप समोर आल्यासारखा वाटतो.

आमरसाची बाटली विकत मिळते, पण तिला रावळगाव-लिमलेटच्या गोळीसारखा वास येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या सुवासाचा बारकाईने अभ्यास केला आहे. कच्च्या फळात हिरवट, चिकाच्या वासाचे पदार्थ जास्त असतात आणि फळ पिकत जाते तसे लॅक्टोन नावाचे, पीच-नारळाच्या वळणाचे गोड पदार्थ तयार होतात. हे वाचल्यावर मी आंब्याच्या तेलात पीच आणि अगदी थोडे नारळाचे तेल (सुगंधाचे, खोबरेल नव्हे) घातले. गोळी गेली, आंबा आला. देठाजवळचा चिकाचा वास अजून नाही.

काही वास मी सोडून दिले. आंबेमोहोर तांदळाच्या भाताचा वास ज्या पदार्थाने येतो तो बासमतीतही असतो, पण फार नाजूक, टिकत नाही. लसणाच्या ठेच्याचा वास धाकट्या दिरांनी फार आग्रहाने मागितला होता. ठेचा भाकरीबरोबरच बरा!

आता जाळून पाहण्याचे. मेण गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, थेट गॅसवर कधी नाही. पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर भांडे खाली उतरवून घ्यावे, ज्योतीपासून दूर न्यावे आणि मगच तेल घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे. फार तापल्या मेणात घातले तर हलके वास तिथेच उडून जातात, आणि तेलाची वाफ पेट घेऊ शकते ती गोष्ट निराळीच. साधारण पंचावन्न-साठ अंशांवर वाटीत ओतावे. मेणाच्या पुड्यावर काही वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळावेत. आणि लगेच पेटवू नये. सोयाच्या मेणात वास मुरायला एक-दोन आठवडे लागतात, लोणच्यासारखे. आम्ही पहिल्या वर्षी वसुबारसेला ओतून धनत्रयोदशीला दुकानात दिल्या होत्या, हे आता आठवले की हसू येते.

पेटवल्यावर सगळे वास एकदम येत नाहीत. लिंबाच्या जातीचे आधी धावतात आणि आधी संपतात. मग मसाल्याचे. व्हॅनिला, कॅरमेल ही मागे रेंगाळणारी मंडळी. त्यामुळे बरणीत जमलेले प्रमाण मेणबत्तीत थोडे बदलावे लागते. चहात आले मी दीडपट केले. दर नव्या वासाची एक छोटी वाटी तीन तास जाळते. अर्ध्या तासाने, दीड तासाने आणि शेवटी, बाहेरून घरात येऊन वास घेते. घरात बसून राहिले तर नाकाला सवय होते, काही कळत नाही. वात बारीक असली तर मेणाचे तळे भरत नाही आणि वास सुटत नाही. जाड असली तर काजळी धरते. व्हॅनिला घातलेली मेणबत्ती काही दिवसांत तपकिरी पडते. तो दोष नव्हे, व्हॅनिलिनचा गुण आहे. गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावे. पुरणपोळीला तर तो रंग शोभतोच.

एक गोष्ट सांगायची का नको, असे मनात होते. मागच्या वर्षी हौसेने मी बेसनाच्या लाडवाच्या आकाराच्या मेणबत्त्या साच्यात ओतल्या. वास तुपाचा, रंग पिवळा, वर वातीशेजारी मेणाचाच बेदाणा. ओट्यावर वाळत ठेवल्या आणि मी गोठ्यात गेले. परत येते तो आमची चार वर्षांची पुतणी एक हातात धरून चावत होती. तोंडातला तुकडा बोट घालून काढला. डॉक्टरांकडे नेले. काही झाले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे समजले की खाण्याच्या पदार्थासारखी दिसणारी पण खाण्याची नसलेली वस्तू विकायला युरोपात १९८७ सालीच बंदी करणारा नियम झाला होता, मुलांचा असाच विचार करून. साचे मी चुलीत घातले. आता वास पोळीचा असला तरी आकार सरळ पेल्याचाच, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत "खाण्यासाठी नाही" असे लिहिलेले. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी चिठ्ठीचा काय उपयोग, म्हणून झाकण घट्ट बसणारे घेतो.

आणखी थोडे. मेण पेटले तर पाणी ओतायचे नाही, भडका उडतो, झाकण टाकायचे. कडब्याच्या गंजीजवळ, पडद्याजवळ, पंख्याखाली मेणबत्ती नको. घरात दम्याचे माणूस असेल तर असल्या वासाच्या मेणबत्त्या पेटवूच नयेत, भेट आली असली तरी.

हा धंदा होऊ शकतो का, असे पुष्कळजणी विचारतात. अमेरिकेत १९६९ साली मायकेल किट्रेज नावाच्या शाळकरी मुलाने आईला भेट द्यायला पैसे नव्हते म्हणून रंगीत खडू वितळवून मेणबत्ती केली, त्यातून पुढे यांकी कँडल ही मोठी कंपनी उभी राहिली. आपल्याकडे महाबळेश्वरचे भावेश भाटिया, दृष्टी गेल्यावर मेणबत्त्या करायला शिकले, सुरुवातीला हातगाडीवर विकल्या. आज त्यांच्या सनराइज कँडल्सने पुष्कळ अंध बंधूभगिनींना काम दिले आहे. या झाल्या मोठ्या गोष्टी. आमची सांगायची तर २०२४ च्या दिवाळीला आम्ही फक्त चोवीस मेणबत्त्या केल्या, बारा पुरणपोळीच्या आणि बारा चहाच्या. त्याच दुकानदाराकडे गेलो. त्याने आधी तोंड फिरवले. मी म्हटले, "भाऊ, पैसे आत्ता नकोत. एक पेटवून ठेवा, संध्याकाळी येते." संध्याकाळी गेले तर दुकानात दोन म्हाताऱ्या उभ्या, आत कोण पोळ्या करते म्हणून विचारत होत्या. चोवीसपैकी बावीस गेल्या, दोन आम्हीच ठेवून घेतल्या. आठ हजारांतले अजून साडेतीन हजार गटाला भरायचे आहेत. शेळीचे पैसे मात्र आधी दिले.

सध्या आत्याबाईंनी हुरड्याचा हट्ट धरला आहे. ज्वारीच्या कोवळ्या कणसाचा हिरवट गोडवा आणि गोवऱ्यांच्या आराची धग, दोन्ही एकाच वाटीत हवे. हिरव्या गवताच्या वासाचे तेल मिळाले, धुराचेही थोडे आणले. सहा वाट्या ओतून माळ्यावर मुरायला ठेवल्या आहेत. पेटवायला अजून नऊ दिवस आहेत. आत्याबाई रोज शिडीपाशी उभ्या राहून विचारतात.